रुंदी जास्त झाली तर लांबी भरा

परवा शेडवर एक नवीन पोरगं आलं, आयटीआय करून आलेलं, त्याला चॅनलची, म्हणजे 'सी' आकाराच्या लोखंडाची, फ्रेम वेल्डिंगने जोडायला दिली. कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट. पठ्ठ्या वेल्डिंगच्या रॉडचा होल्डर खाली ठेवून म्हणतोय, "हे परत कापायला लागतंय की." परत कापायला! सगळी शेड हसली. चहावाला पण हसला, त्याला तर काही कळलं पण नव्हतं. आता त्या पोराची चूक नाही, शाळेत असलंच शिकवतात, पण उद्या तुम्ही शेड टाकाल, गेट-ग्रिलची कामं घ्याल, आणि फट दिसली की असंच होल्डर खाली ठेवत बसाल तर धंदा कधी करणार? म्हणून हे सगळं सांगतोय. मी आठ वर्षं कटिंगवर काढलीत, त्यामुळे फट या विषयात आपला हात कुणी धरू शकत नाही.

पहिली गोष्ट, फट आपोआप होत नसते राव, ती कमवावी लागते. सुरुवात टेपपासून करा. टेपच्या टोकाचं हूक थोडं हलतं ते तुम्ही बघितलं असेल. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, बाहेरून अडकवलं की हूकच्या जाडीएवढं पुढं सरकतं, आतून टेकवलं की तेवढंच मागं, म्हणजे दोन्हीकडून माप बरोबर येतं. पण आपल्याला हलणारी वस्तू बघवत नाही, तर दोन हातोड्या घाला आणि त्याचं रिबीट घट्ट करून टाका. हूकच तुटलेला टेप असेल तर मग सोन्याहून पिवळं, कारण मग दहा सेंटिमीटरवर धरून माप घ्यायचं आणि शेवटी ते दहा मिळवायचे का वजा करायचे यावर दोघांनी वाद घालायचा, तोपर्यंत तिसऱ्याने कापलेलं असतं.

कापायला चॉप सॉ घ्या. त्याची चौदा इंची चकती साधारण ३ मिमी जाड असते, म्हणजे आपलं एक सूत. आठ सुतांचा इंच हे तर तुम्हाला माहितीच असेल, नसेल तर कुठल्याही मिस्त्रीला विचारा, तो मिलिमीटरमध्ये सांगणारच नाही. तर रेघेच्या अलीकडे चकती ठेवायची का पलीकडे का रेघेवर, हे शहाणे लोक आधी ठरवतात आणि सगळे तुकडे त्याच बाजूने कापतात. तुम्ही मूडप्रमाणे ठेवा. चार तुकडे चुकीच्या बाजूने कापले की चार सूत गेलं, अर्धा इंच, आणि तो भंगारात पण सापडत नाही, ठिणग्या होऊन उडून गेलेला असतो. रेघ मारायला खडू वापरा, जाड, शाळेतला. फ्रेंच चॉक घासून टोक करून वापरणारे लोक असतात, त्यांचं लग्न ठरायला पण वेळ लागतो. आणि काटकोन बघायचा गुण्या जो कुणी माळ्यावरून चार वेळा खाली पाडलाय तोच वापरायचा, त्याच्यात नव्वद अंश शोधू नका, तो त्याच्या अंदाजाने सांगतो, तुम्ही तुमच्या अंदाजाने घ्या.

एवढं झालं की फट तयार. आता मंत्र पाठ करा: "वेल्डर बघून घेईल."

हा मंत्र साधा वाटतोय पण आख्खं फॅब्रिकेशन त्याच्यावर उभं आहे. ड्रॉइंगवाल्याने पाइपची जाडी धरली नाही, त्याचं कटरने बघून घ्यायचं. कटरचं फिटरने. फिटरने काय करायचं, तर चार टाके, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारायचे आणि जॉब पुढं ढकलायचा. पाण्याला जसा उतार कळतो तसा आमच्याकडे मिलिमीटरला उतार कळतो, वरून सुरू होतो, प्रत्येक टेबलावर एक-एक ओहोळ मिळतो आणि खाली वेल्डरपाशी धरण. त्याच्या पुढं कुणी नाही. आणि त्याच्या तोंडावर काळी काच असते, त्यामुळे तो कुणाकडे बघतोय ते पण दिसत नाही, हे एक बरं आहे.

आता काही पुस्तकी लोक मध्येच नियम काढतात, ते पण सांगून ठेवतो म्हणजे कुणी काढला तर तुम्हाला ओळखता येईल. स्ट्रक्चरच्या कामाला अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचा डी १.१ म्हणून कोड आहे, त्यात फिलेटचा, म्हणजे एक प्लेट आडवी दुसरी उभी असल्या जोडाचा हिशोब दिलाय. गंमत अशी की तो जणू आमच्या सुतातच लिहिलाय. फट १.६ मिमीपर्यंत म्हणजे अर्ध्या सुतापर्यंत असेल तर काही करू नका, नेहमीसारखं वेल्ड करा. त्याच्या पुढं गेली तर जेवढी फट तेवढा वेल्डचा लेग, म्हणजे प्लेटवर चढलेल्या वेल्डची बाजू, वाढवा. आणि ५ मिमीच्या, म्हणजे दीड सुताच्या वर गेली तर साधारण कामाला चालणारच नाही, जोड जवळ आणा. दीड सूत! आमच्याकडे दीड सुताला फट म्हणत नाहीत, त्याला फिटिंग म्हणतात.

आणि लेग वाढवा म्हणजे काय, तर समजा ६ मिमीचा लेग मागितलाय आणि खाली ३ मिमीची फट आहे. तुम्ही ६ चा रन, म्हणजे वेल्डची एक ओळ, मारला, वेल्ड मोजायचं गेज लावलं, गेज म्हणतंय ६, सगळे खूश. पण त्या सहामधले तीन मिमी फटीतच गेले, उभ्या प्लेटला लागलं फक्त तीन. आपला आयएस ८०० धरला तर काटकोनातल्या वेल्डची खरी ताकदीची जाडी लेगच्या ०.७ पट, म्हणजे ४.२ पाहिजे होती तिथं २.१ मिळाली. अर्धी. गेज खोटं बोलत नाही हो, त्याला फक्त आतलं दिसत नाही, आपल्या सासऱ्यासारखं. बरं प्रामाणिकपणे ९ चा लेग मारायचा म्हटलं तर धातू लागतो छत्तीसाला एक्क्याऐंशी, म्हणजे सव्वादोन पट. सव्वादोन पट रॉड, सव्वादोन पट वेळ, सव्वादोन पट लाइट. आणि हे सगळं कशासाठी, तर एक चॅनल परत कापायचा दहा मिनिटांचा कंटाळा वाचवायला. आहे का नाही फायद्याचं?

पण तुम्ही एवढे प्रामाणिक नाही, मला खात्री आहे, म्हणून आता खऱ्या विद्येकडे येतो. भरणी.

शेडच्या कोपऱ्यात एक डबा असतो, ऑइलपेंटचा रिकामा. त्यात सळईचे तुकडे, नट, वाकडे वॉशर, पत्र्याच्या पट्ट्या, आणि जळून उरलेली रॉडची थोटकं, प्रत्येक रॉडचं शेवटचं दीड-दोन इंच होल्डरमध्ये उरतंच. अडाणी माणसाला हे भंगार वाटेल. ही मसाल्याची पाळं आहेत मंडळी. फट सहाची असली तर सहाची सळई, दहाची असली तर दहाची, शेजारच्या स्लॅबवरून आलेली, गंजलेली, थोडं सिमेंट लागलेलं असलं तरी चालतं, चव येते. फटीत बसवायची, हातोडीने ठोकायची, दोन्हीकडून टाका, आणि वरून दहा नंबर रॉडने झकास रन. वरचा रन असा मारायचा की माशाच्या खवल्यांसारखा दिसला पाहिजे, कारण बघणारा वरूनच बघतो. वरून कीर्तन आतून तमाशा ही म्हण काढणारा माणूस नक्कीच आमच्या लाइनचा असणार.

आता आत काय होतंय ते विचारू नका, पण विचारलंच तर सांगतो. रॉडचा आर्क काय पाताळापर्यंत जात नाही, वरचे दोन-तीन मिमी वितळवतो आणि थांबतो. म्हणजे सळई वरच्या अंगाने चिकटली, खालून मोकळी. तुम्ही जोड दिला नाही, पूल बांधला, आणि पुलाखाली दोन्हीकडे आयती चीर ठेवली, धार लावलेली. लोखंडाला हादरे बसले की तडा कुठून सुरू करायचा याचा त्याला विचार पण करायला लागत नाही. सळईच्या जागी रॉडचं थोटूक घातलं असेल तर अजून बहार, कारण त्याच्यावर फ्लक्सचा लेप असतो, तो आतल्या आत अर्धा वितळून स्लॅग, म्हणजे काचेसारखा मळ, होऊन बसतो, जिलेबीत पाक बसतो तसा. स्लॅगला ताकद नाही, पण जागा भरते. आणि आपण जागा भरायलाच बसलोय ना?

काही ठिकाणी भरणीचं सामान संपतं. मग नुसत्या रॉडने भरायचं. पातळ बॉक्स पाइप असेल, दीड-दोन मिमीचा, तर ही कला बघण्यासारखी. शंभर अँपिअरवर सेट, समोर फट, रॉड टेकवला की काठ वितळून मागं सरकतो, फट मोठी होते. तुम्ही भोक भरायला जाता, भोक तुम्हाला भरवायला घेतं. शहाणा माणूस इथं बारा नंबर रॉड, म्हणजे दहा नंबरपेक्षा बारीक, घेईल, अँपिअर कमी करेल, टिच-टिच करत एकेक ठिपका गार होऊ देत काठ पुढं आणेल. तुम्ही अँपिअर वाढवा. आभाळच फाटलंय, एवढं तर होणारच.

आणि फट ओढून बुजवायची पण एक पद्धत आहे, ती ताकदवान लोकांसाठी. साखळी लावा, जॅक लावा, चार माणसं उभी करा, दोन चॅनल जबरदस्तीने एकमेकांजवळ आणा, टाका मारा, जॅक सोडा. टाका "टण्ण" करून सुटला तर त्याचा अर्थ लोखंड काहीतरी सांगतंय असा काढू नका. मोठा टाका मारा. तो नाही सुटला म्हणजे झालं काम, आता ती सगळी ओढाताण जोडाच्या पोटात कायमची राहायला गेली, भाडं न देता.

गेटच्या कामात तर पुढची मजा घरबसल्या बघायला मिळते. गरम धातू गार होताना आखडतो, जितका जास्त ओतला तितका जास्त आखडतो, आणि फट एका बाजूला मोठी दुसऱ्या बाजूला बारीक असली की आखडतो पण एका बाजूलाच. सकाळी सपाट दिसणारं गेट संध्याकाळी पापडासारखं. एक पान रस्त्याकडे बघतंय एक घराकडे, मधली कडी कुलपाला काही केल्या भेटत नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं, "ऊन लागलं की सरळ होतंय." पावसाळा असेल तर, "पाऊस थांबला की."

आता रंग. इथं तुमच्या सगळ्या पापांना क्षमा आहे. गाडीच्या गॅरेजवाल्यांकडून लांबी आणा, ज्याला काही जण पुट्टी म्हणतात. मराठी भाषेचा मोठेपणा बघा, रुंदी जास्त झाली की लांबी भरायची, गणित जुळतं. खड्डे, भोकं, दोन रनच्या मधली दरी, सगळीकडे पत्रीने ओढा, वाळली की पॉलिश पेपर, मग रेड ऑक्साईड, मग गिऱ्हाइकाने सांगितलेला रंग, बहुतेक काळा नाहीतर सोनेरी भाले. लांबी दिसत नाही, वाजवली तर थोडी बद्द वाजते, आणि लोहचुंबक चिकटत नाही. त्यामुळे एकच काळजी घ्या, गिऱ्हाइकाच्या पोराच्या हातात चुंबक असलं तर त्याला खाऊ द्या आणि बाहेर पाठवा. दुसरा पावसाळा येईपर्यंत निवांत. बारीक भोकातून पाणी बॉक्सच्या आत जातं, खालच्या पाइपात साचतं आणि आतून गंजवत बसतं, बाहेर रंग नवाकोरा. तिसऱ्या पावसाळ्यात खालचा कोपरा बुटाच्या टोकाने ढकलला की आत जातो. तोपर्यंत आपला मोबाइल नंबर बदललेला असतो.

इथं कुणीतरी म्हणणार, एवढ्याशा वेल्डने असं काय आभाळ कोसळतंय. मी पण असंच म्हणायचो. नॉर्वेच्या बाजूला उत्तर समुद्रात अलेक्झांडर एल. किलँड नावाचा एक तरंगता प्लॅटफॉर्म होता, पाच पायांचा, तेलाच्या कामावरच्या लोकांना राहायला वापरत. २७ मार्च १९८० ला संध्याकाळी वादळात त्याचा एक पाय निखळला आणि थोड्या वेळात सगळा उलटा झाला. २१२ माणसं होती, १२३ गेली. तपास करत करत लोक कुठं पोचले, तर एका नळीवर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला आवाज ऐकायचं यंत्र, बसवायला एक छोटा तुकडा जोडला होता, त्याच्या ६ मिमीच्या फिलेटवर. ज्या तुकड्यावर कसला भारच यायचा नव्हता, म्हणून त्याच्याकडे कुणी भार घेणाऱ्या जोडासारखं बघितलंच नव्हतं. आणि तड्याच्या आत रंग सापडला. म्हणजे रंगारी आला तेव्हा चीर तिथं होतीच, त्याने ती रंगवली. आता ह्याच्यावर मला काही गमतीचं सुचत नाही, पुढं जाऊ.

तर फट मोठी असताना सरळ काम करायचे पण मार्ग आहेत, ते ऐकून घ्या आणि विसरा. एक, परत कापा. दोन, ज्या काठाला कमी पडतंय त्या काठावर आधी नुसते रन मारून काठ वाढवा, ग्राइंडरने नीट करा, गुण्या लावा, आणि मग जोडा. ह्याला बटरिंग म्हणतात, लोणी लावल्यासारखं. ग्रूव्हच्या, म्हणजे दोन काठांमधली खाच भरायच्या, जोडात तोच डी १.१ कोड हे करू देतो, पातळ प्लेटच्या जाडीच्या दुप्पट किंवा २० मिमी, ह्यातलं जे कमी असेल तिथपर्यंत, फक्त दोन भाग एकमेकांना जोडायच्या आधी. तीन, मागून पट्टी देऊन तिच्यावर तळापासून रन चढवत आणा, प्रत्येक रनची स्लॅग काढून. बघा किती वेळखाऊ. स्लॅग काढा म्हणे! चिपिंग हातोडी तर आमच्याकडे नारळ फोडायला असते, आणि रॉड भाजायच्या ओव्हनमध्ये डबे गरम होतात. ७०१८ नंबरचा रॉड दमट राहिला तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि नंतर तडे जातात हे खरंय, पण भाकरी गार राहिली तर आत्ता लगेच भांडणं होतात, मग आधी काय बघायचं?

कधी मोठ्या कंपनीचं काम आलं आणि इन्स्पेक्टर आला तर घाबरू नका. तो डीपी करेल, म्हणजे लाल रंग मारेल, दहा मिनिटं थांबेल, पुसेल, पांढरा मारेल, आणि जिथं चीर वर उघडली असेल तिथं लाल रेघ उमटेल. वर उघडली असेल तिथंच. तुमची सळई खाली झोपलेली असते, तिला काय लाल नि काय पांढरं. अल्ट्रासॉनिकवाला आला मात्र तर तब्येत बरी नाही म्हणून सांगा. तो बाहेरून आवाज सोडून आतलं ऐकतो, आणि आमच्या जोडांच्या आतून जे ऐकू येईल ते घरच्यांसमोर सांगण्यासारखं नसतं.

फार सांगत बसत नाही, एक अनुभव सांगतो आणि कामाला लागतो. काही वर्षांपूर्वी मी एका शेडवर होतो तेव्हा उसाच्या ट्रॉलीच्या दांड्या करायला असायच्या, ट्रॅक्टरला जिथं पिन बसते ती पुढची दांडी. दोन चॅनल समोरासमोर ठेवून बॉक्स करायचा आणि ट्रॉलीच्या फ्रेमला जोडायचा. सीझन सुरू व्हायच्या आधी नुसती झुंबड, रात्री दहा-दहापर्यंत काम, मालक फिरत फिरत एकच शब्द बोलायचा, "भरून घे, भरून घे." त्यातली एक दांडी जानेवारीत परत आली. कारखान्यासमोर लायनीत उभी होती, ट्रॅक्टरने नुसता हिसका दिला आणि जोड सुटला. रस्त्यात उतारावर सुटली असती तर मी हे असं हसत सांगत बसलो नसतो, पण लायनीत सुटली, कुणाला काही झालं नाही, ऊस तेवढा सांडला.

जोड कडेपासून कडेपर्यंत उघडला होता. आणि मधोमध, शेंगेत दाणा बसावा तसं, रॉडचं थोटूक. लेप जवळजवळ जसाच्या तसा. रॉडवर जो नंबर छापलेला असतो तो होल्डरकडच्या टोकाला असतो, त्यामुळे तो थोटकातच उरतो, आणि तो इथं चक्क वाचता येत होता, ६०१३. मोठ्या कंपन्यांत कुठल्या जोडाला कुठला रॉड लावला ह्याचं रजिस्टर ठेवतात म्हणे, आमचं रजिस्टर जोडातच होतं.

ट्रॉलीवाला शांत माणूस. म्हणाला, "हे कुणी केलंवतं?" ज्याने भरलं होतं तो वेल्डर दिवाळीतच दुसरीकडे गेला होता, त्यामुळे त्याचं नाव घ्यायला कुणालाच जड गेलं नाही. मालकाने घेतलं, फिटरने घेतलं, मी पण घेतलं. वर म्हणालो, "हात कच्चा होता त्याचा, आम्ही सांगायचो."

मग दांडी उलटी केली कापायला. चॅनलच्या आतल्या अंगाला, जिथं रेड ऑक्साईड पोचलाच नव्हता, तिथं माझ्या खडूने लिहिलेलं माप होतं, आणि टेप लावला तर चॅनल त्याला कमी, दोन सूत. ट्रॉलीवाला पलीकडं चहा घेत होता. मी अंगठ्याने माप पुसलं.